ताराचंदच्या जागी तुलसीराम

गोंदियात कॉलेजच्या फाटकासमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंग, एवढंच पाटीवर लिहिलेलं आहे. पण परीक्षा जवळ आली की पोरं जे मागायला येतात ते पाटीवर कुठेच नाही. "छोटेलाल अंकल, रेडीमेड प्रोजेक्ट मिलेगा क्या?" असं तोंड वर करून विचारतात, जसं काही मी समोसे तळून ठेवले आहेत. मी कधी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आत कॉम्प्युटरवर बसलेल्या अल्काबाईकडे हनुवटीनं दाखवायचं, की माझं काम संपलं.

अल्का नंदेश्वर. माहेर सौंदडचं, सासर मुर्रीचं. मराठीत एम.ए., तेही चांगल्या मार्कांनी. एका ज्युनिअर कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. तासिका होत्या, तत्त्वही होतं, पगार तेवढा नव्हता. नवरा रत्नपाल रेल्वेच्या ठेकेदाराकडे कामाला होता. तो काविळीनं गेला तेव्हा मुलगी रंजिता शाळेत होती, आणि बाई माझ्याकडे टायपिंगला आली. सुरुवातीला ती फक्त टाइप करायची. पण पोरं जे लिहून आणत ते इतकं गचाळ असे की तिच्यातली मास्तरीण गप्प बसेना. आधी तिनं वाक्यं सुधारली, मग परिच्छेद नव्यानं लिहिले. शेवटी एक पोरगा नुसता विषय एका चिठोऱ्यावर घेऊन आला, आणि तिथून पुढे सगळे तसेच येऊ लागले.

ती कशी लिहायची ते सांगतो. आधी त्या पोराला समोर बसवायची. घरी कोणती भाषा बोलता, गाव कोणतं, शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं, असं विचारायची. पोरगं हिंदी-मराठीची खिचडी करत बोलायचं आणि ही ऐकायची. मग शिंपी मापाचा सदरा शिवतो तसा ती प्रबंध बेतायची. मठ्ठ पोराच्या प्रबंधात दोन शब्द मुद्दाम चुकीचे, एक वाक्य बावळटासारखं. म्हणायची, "सरलेबी काही सापडलं पायजे, भाऊ. नाही सापडलं का मंग त्यायले शंका येते." हुशाराच्या प्रबंधात एखादा धीट निष्कर्ष. काम झालं की फाइल डिलीट, आणि कच्चे कागद घरी नेऊन चुलीत. आपल्यामुळे कुठलं पोरगं पकडलं जाऊ नये, हा तिचा कटाक्ष होता. चोरीच्या धंद्यात इतकी इमानदार बाई मी पाहिली नाही. मला तिचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी. एवढं डोकं असलेली बाई, आणि आयुष्यभर लिहिलं ते एकाही पानावर तिच्या नावानं नाही.

रंजिताला मात्र नुसता राग यायचा. ती आमच्याच समोरच्या कॉलेजात शिकत होती. वर्गातल्या पोरी तिला हसत हसत सांगायच्या की माझा प्रोजेक्ट तुझ्याच आईनं लिहिला, चांगले मार्क पडले, थँक्यू सांग. कोणत्या पोरीच्या चेहऱ्यामागे आईची कोणती वाक्यं आहेत हे तिला माहीत असायचं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध असतो. तो जाहीर झाला त्या दिवशी ती दुकानात आली आणि माझ्या देखत आईला म्हणाली, "माया प्रबंधाची एक ओळ बी तू पाहाची नाही. विषय बी विचाराचा नाही." अल्काबाई बरं म्हणाली. रंजिता गेली आणि ती पुन्हा टाइप करू लागली. मला वाटलं वाईट वाटलं असेल. ती म्हणाली, "चांगलं झालं, भाऊ. एकजन तरी खरं लिहील."

आता मागची एक गोष्ट सांगावी लागेल, कारण सगळं तिथूनच आलं. काही वर्षांपूर्वी रिंकी येडे नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. आमगावकडच्या योगराज येडेंची. जुनं पवार घराणं, पूर्वज माळव्यातून आलेले, शेतीभाती भरपूर. मुलगी वाईट नव्हती, नम्र होती. विषय होता पवार स्त्रियांची रोवण्याची गाणी. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, बांधीतल्या चिखलात लावताना बाया एका ओळीत वाकून जी गाणी म्हणतात, ती. एका कॉलेजात जागा निघाली होती, पीएच.डी. झाली तर लागणार होती. प्रबंध द्यायची तारीख उन्हाळ्यात आली आणि बाईसाहेबांकडे एकही गाणं नव्हतं.

ती मोबाइल घेऊन गावोगाव फिरली. बाया चहा पाजत होत्या, गात नव्हत्या. आमच्याकडे रोवण्याचं गाणं छपराखाली म्हणत नाहीत. पाय चिखलात असतील आणि डोक्यावर आभाळ असेल तरच म्हणायचं, नाहीतर पऱ्हे पिवळे पडतात असं मानतात. भर उन्हाळ्यात ओसरीवर बसून मोबाइलपुढे कोण गाणार? रिंकी माझ्या दुकानात येऊन रडली. रोवणा अजून लांब होता आणि विद्यापीठ काही पावसासाठी थांबत नाही.

अल्काबाईनं तिला आपल्या आईची गाणी दिली.

तिची आई, अन्नपूर्णाबाई, सौंदडच्या रोवणाऱ्या बायांची म्होरकी होती. ती पहिली ओळ उचलायची आणि मग बाकीच्या. गाण्याच्या शेवटच्या ओळीत आपल्या भावाचं नाव घालायचं अशी रीत आहे. एकीचं गाणं दुसरी म्हणते तेव्हा नाव बदलून आपल्या भावाचं घालते, आणि त्यात कोणाला काही चोरल्यासारखं वाटत नाही. अल्काबाईनं हाच हिशेब लावला. गाणी बांधीत अशीच तर या तोंडातून त्या तोंडात जातात. मग आपण नाव बदललं तर काय बिघडलं? जिथे तिच्या आईच्या भावाचं नाव होतं तिथे तिनं पवारांच्या घरात शोभेल असं तुलसीराम हे नाव घातलं. जिथे बाबासाहेबांचं नाव होतं तिथे देवाचं घातलं. गाणाऱ्या बायांची नावं आणि गावं मनानंच रचली. रिंकीनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

पण अन्नपूर्णाबाईच्या गाण्यातला भाऊ नुसता रीत म्हणून नव्हता. ताराचंद तिचा पाठचा भाऊ. दरेकशाच्या जंगलात तोडणीच्या कामाला गेला आणि पडत्या झाडाखाली सापडून मेला. निरोप आला तेव्हा ही बांधीत वाकलेली होती. त्या वर्षापासून ती म्हणायची,

पऱ्हा लावता लावता दिस डोईवर आला
माया ताराचंद भाऊ दरेकशाले गेला

या गाण्यात बाकीच्या बाया आपल्या भावाचं नाव घालत नसत. त्या ताराचंदचंच घेत. अल्काबाईनं ते केलं, "माया तुलसीराम भाऊ यात्रेले गेला." मेलेल्या माणसाला तिनं यात्रेला धाडलं. प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये मीच बांधला, सोनेरी अक्षरं मीच ठोकली. आत काय आहे ते बाइंडिंगवाला वाचत नसतो. गाण्यांचं हे सगळं मला फार नंतर कळलं.

रिंकीची पीएच.डी. झाली, नोकरी लागली, लग्न झालं. प्रबंध विद्यापीठानं इंटरनेटवर टाकला. जिल्ह्यात रोवण्याच्या गाण्यांची जाणकार म्हणून तिचं नाव झालं. तिकडे अन्नपूर्णाबाई म्हातारी होऊन वारली. तिच्या गळ्यातलं एकही गाणं कुठे रेकॉर्ड नव्हतं. ती छपराखाली शेवटपर्यंत गायली नाही.

रंजिता लहानपणी प्रत्येक रोवण्याला आजीकडे जायची. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बायांच्या हाताशी टाकत टाकत तिनं ती सगळी गाणी ऐकली होती. तिनं लघुप्रबंधाला आजीचीच गाणी घेतली. रिंकीचा प्रबंध पवारांच्या गाण्यांचा, म्हणून तो तिनं उघडून पाहिला नव्हता. आईला सांगितलं नाही. अल्काबाई एका लग्नाला गेली असताना ती माझ्याकडे बाइंडिंगला घेऊन आली आणि म्हणाली, "काका, आईले आता नोका सांगू. मार्क आले का मीच तिच्या हातात देईन. आजीचा फोटो टाकला मी पहिल्या पानावर." मी फोटो पाहिला. नाकात मोठी नथनी, डोळे बारीक केलेले. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला. दुकान उघडल्यापासून ज्यानं लिहिलं त्याच्याच नावानं बांधलेले प्रबंध मी बोटावर मोजू शकलो असतो, त्यातला हा एक.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आल्या त्या रिंकी मॅडम. विषय त्यांचा, दुसरं कोण येणार? कॉलेजातल्या नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं आधीच पानामागून पान लाल करून ठेवलं होतं. त्या रागावल्या, आणि खरं सांगतो, त्यांचा राग त्या वेळी खोटा नव्हता. त्यांना काय माहीत ती गाणी कोणाची? त्यांनी रंजिताला विचारलं की माझ्या प्रबंधातली गाणी उचलून फक्त नावं बदलली तर ते संशोधन होतं का? रंजिता म्हणाली ताराचंद माझ्या आजीचा भाऊ होता. मॅडमनी तुलसीरामचं पान उघडून समोर ठेवलं.

ती तशीच रस्ता ओलांडून दुकानात आली. भर दुपारी, दुकानात गर्दी होती. तिनं त्या पानाची झेरॉक्स आईच्या कीबोर्डवर ठेवली. अल्काबाईनं पाहिलं आणि चष्मा काढला. रंजितानं एवढंच विचारलं, "आजीचं गानं यायच्याकडे कसं गेलं?"

"मीच देल्लं," अल्काबाई म्हणाली.

"तुया ताराचंद मामाले यात्रेले कायले धाडलं तू?"

झेरॉक्सला आलेली पोरं बघत उभी होती. मी त्यांना बाहेर काढलं आणि शटर अर्धं ओढलं. रंजिता रडली नाही. ती नागपूरला पीएच.डी.ला जाणार होती, हाच विषय घेऊन, आणि गाईडशी बोलणंही झालं होतं. आता चोरीचा शिक्का बसला तर तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं. अल्काबाई म्हणाली की मी कॉलेजात जाऊन खरं सांगते, सगळं माझ्यावर घेते. तिचा आवाज घट्ट होता. मला म्हणाली, "भाऊ, तुमी चालता का? तुमच्याच दुकानात लिवला मी रिंकीचा प्रबंध." मी हो म्हणालो. माझ्या दुकानाचं काय होईल हा विचार आला नाही असं नाही, पण त्या पोरीचा चेहरा बघून नाही म्हणवलं नाही.

चौकशीला विभागप्रमुख भुपेंद्र सर होते, आणखी दोन प्राध्यापक होते आणि रिंकी मॅडम. टेबलावर काच, काचेखाली कुठल्याशा सहलीचे फोटो. रंजिताला विचारलं, रेकॉर्डिंग आहे का? ती म्हणाली, आजी छपराखाली गात नव्हती, आणि चिखलात मोबाइल कोण नेतं? एक प्राध्यापक हसले. त्यांना ते सोयीचं कारण वाटलं.

मग अल्काबाई उठली. पदर खोचलेला, हात बाजूला सोडलेले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी होती.

"हे गाने माया मायचे आहेत, सर. रिंकी मॅडमचा प्रबंध मी लिवला. नावं मीच बदलवले. पोरीनं चोरी नाही केली."

मी रिंकी मॅडमकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना कळलं, मी शपथेवर सांगतो, त्यांना कळलं की आपण पवारांची म्हणून इतकी वर्षं जी गाणी व्यासपीठांवरून सांगत आलो ती कोणाच्या गळ्यातली आहेत. त्यांचा चेहरा उतरला. एक वाक्य बोलल्या असत्या तर पोरगी वाचली असती आणि त्यांची नोकरी गेली असती. त्या टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "यांनी माझा प्रबंध टाइप केला होता. करता करता गाणी पाठ झाली असतील. घरी मुलीलाही शिकवली असतील."

भुपेंद्र सरांनी अल्काबाईला पुरावा मागितला. फाइल, कच्चं लिखाण, एखादा कागद. तिच्याकडे काही नव्हतं. तिनं स्वतःच्या हातानं सगळं पुसलं होतं आणि जाळलं होतं, रिंकीचंही आणि सगळ्यांचंच. मी उठून सांगितलं की हिनं तो प्रबंध माझ्या दुकानात बसून लिहिलेला मी पाहिला आहे. सर मला म्हणाले, म्हणजे हाच धंदा चालतो वाटतं तुमच्याकडे.

तेव्हा अल्काबाई गायली. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि पंख्याखाली, त्या कार्यालयात, आईनं जन्मात जे केलं नाही ते तिनं केलं. पऱ्हा लावता लावता. आवाज शिकलेला नव्हता, चिखलातून पाय काढत जावं तशी चाल होती. ताराचंदच्या नावाशी आल्यावर तिनं थांबून पुन्हा ते नाव घेतलं आणि दरेकशाले गेला म्हणून पूर्ण केलं. रंजिता मान खाली घालून ओठ हलवत होती.

"बाई, हे ऑफिस आहे," सर म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुमचं म्हणणं, पीएच.डी.चा प्रबंध तुम्ही लिहिला. हे दुकानदारही तेच सांगतात. बरं, मानलं. मग जी बाई परक्या पोरांना प्रबंध लिहून देते, ती पोटच्या पोरीला लिहून देणार नाही?"

अल्काबाई म्हणाली, नाही सर, हिनं मले हात नाही लावू देल्ला. पुन्हा तेच म्हणाली. कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती ज्या खऱ्यानं पोरीला सोडवायला आली होती त्याच खऱ्यानं तिला पुरतं अडकवलं होतं, आणि ते तिला तिथे उभ्या उभ्या समजत होतं. मला त्या माणसाची गचांडी धरावीशी वाटली. पण प्रश्न चुकीचा नव्हता, हेच तर दुःख आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हाच विचारला असता.

निकाल लेखी आला. सदर लघुप्रबंध विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेला दिसत नाही. वर्ष वाया गेलं, नवा विषय घेऊन पुन्हा सादर करायची परवानगी मिळाली. रिंकी मॅडमबद्दल वेगळी तक्रार पुराव्यासह विद्यापीठाकडे करावी असंही त्यात होतं. नागपूरच्या गाईडनी फोन उचलणं बंद केलं.

त्या पावसाळ्यात रंजिता सौंदडला गेली नाही. घरीच असायची, कोणाशी बोलायची नाही. अल्काबाई कामावर येत राहिली, दुसरं काय करणार? पोरांना समोर बसवून विचारत राहिली. फक्त आता पोरं बोलत असताना तिची नजर रस्त्यापलीकडच्या फाटकाकडे जायची. एकदा मी म्हणालो की बाई, पुरे करा आता हे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

थंडीत एक दिवस रंजिता दुकानात आली. आई असताना ती आपणहून आत आली असं कित्येक दिवसांत झालं नव्हतं. पोरं बसतात त्या स्टुलावर ती आईसमोर बसली. वाळली होती फार.

"आई, तूच लिहून दे," ती म्हणाली. "मायानं आता नाही होत. कोनी लिवलं तं का फरक पडते?"

मला वाटलं अल्काबाई ओरडेल, रडेल, पोरीला जवळ घेईल. तिचा हात सवयीनं कीबोर्डवर गेला आणि तिनं कोणालाही विचारते तसंच विचारलं, "विषय कोनता?"

"कोनताबी."

अल्काबाईनं लिहिला. विषय साधा घेतला, कोणाच्या डोळ्यात येऊ नये असा. पोरगी हुशार आहे हे सरांना माहीत होतं, म्हणून वाक्यं चांगली ठेवली, पण फार चांगली नाही. दोन शब्द मुद्दाम चुकवले. पहिल्या पानावर कोणाचा फोटो नव्हता. मी काळं रेक्झिन लावलं आणि सोनेरी अक्षरांत रंजिता रत्नपाल नंदेश्वर हे नाव ठोकलं. ते ठोकताना ठसा वाकडा उमटला, दुसरं कव्हर घ्यावं लागलं.

सॉफ्टवेअरमध्ये एक ओळही लाल झाली नाही. सरांना दोन्ही चुका सापडल्या, त्यांनी त्याखाली लाल रेघा मारल्या. शेवटच्या पानावर त्यांनी शेरा दिला: विद्यार्थिनीचे स्वतंत्र लेखन. समाधानकारक.

रंजितानं तो प्रबंध आईच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेली. अल्काबाईनं शेरा वाचला. मग कॉम्प्युटरमधली ती फाइल शोधून डिलीट केली, आणि दारात वाट बघत उभ्या असलेल्या पोराला आत बोलावून विचारलं की घरी कोणती भाषा बोलता.